वेष पालटून आलेल्यांचं स्वयंवर: वर ओळखायचा कुणी, जादूने की वधूने?

अर्धीमुर्धी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने एक लांबलचक गोष्ट लिहितेय आणि आता मधोमध रुतून बसलेय. म्हणून हा धागा.

कथानक थोडक्यात असं. एका बेटावरच्या राज्यात दर पिढीला एकदा स्वयंवर भरतं. अट एकच, येणाऱ्या प्रत्येक वारसाने वेष पालटून यायचं. मुकुट, नाव, निशाण सगळं वेशीबाहेर ठेवायचं. कोणी खलाशी होऊन येतो, कोणी गारुडी, कोणी लोहार. गर्दीत खरे खलाशी आणि खरे लोहारही मिसळलेले असतात. तीन दिवस सगळ्यांनी एकत्र राहायचं आणि तिसऱ्या रात्री राजकन्येने एकाच्या गळ्यात माळ घालायची. चुकून खऱ्या लोहाराच्या गळ्यात पडली तर राज्य हातचं गेलं.

अडचण अशी की मी तिला एक जादूची विहीर देऊन ठेवली आहे. डोकावलं की पाण्यात माणसाचं खरं रूप दिसतं. पहिला खर्डा मैत्रिणीला वाचायला दिला, तर ती म्हणाली, "विहीरच सगळं ओळखते, मग तुझी नायिका काय नुसती पोहरा धरायला आहे?" झोंबलं, कारण खरं आहे.

तर आपल्या जुन्या गोष्टींत वेष पालटलेला वर कसा ओळखतात? आणि वाचताना तुम्हाला काय आवडतं, जादू की अक्कल?

---

पिंपळपान

वाचतेय. विहिरीला नाव आहे का?

---

बाहुक

माझा आयडी बघून कळलंच असेल मी गाडी कुठे नेणार ते.

दमयंतीचं पहिलं स्वयंवर घ्या. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, चौघांनाही ती हवी आहे. ते आधी नळालाच दूत करून पाठवतात, आमच्यापैकी एकाला वर म्हणून सांग. (बिचारा सांगतोही!) ती ऐकत नाही म्हटल्यावर चौघेही नळाचं रूप घेऊन मंडपात त्याच्या शेजारी बसतात. पाच नळ, एक माळ.

आता पुढचं बघा. ती देवांनाच हात जोडते आणि सत्याची शपथ घालते: हंसाने केलेलं नळाचं वर्णन ऐकल्यापासून मी नळालाच वरलंय, हे खरं असेल तर देवांनी तो मला दाखवावा. मग देवांना आपली लक्षणं प्रकट करावी लागतात. त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळा कोमेजलेल्या नाहीत, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. आणि खरा नळ? त्याची सावली पडलीय, माळ सुकलीय, अंगावर धूळ आणि घाम आहे, पापण्या लवताहेत.

म्हणजे पाचांतून जो सगळ्यात मळलेला दिसतो तो आपला. इथे जादू अख्खी लपवणाऱ्यांच्या बाजूला आहे. ओळख पटते ती घामाने. तुमची विहीर नेमकं उलट करतेय, तिला सरळ बुजवून टाका.

---

कोल्हा_आंबटद्राक्षे

पापणी लवत नाही, हलत नाहीत, चेहरा तुकतुकीत. थोडक्यात, नेटवर्क गेल्यावर पडद्यावर थिजलेले चार लोक आणि चालू असलेला एक. दमयंतीने रेंज असलेला निवडला.

---

खवचट_काकू

@बाहुक, लिहिलंयस छान, पण एक मेख आहे. ओळखलं कुठे तिने? देवांनी खुणा दाखवल्या म्हणून ओळखलं. दाखवल्या नसत्या तर बसली असती पाच नळांकडे आळीपाळीने बघत. उद्या अर्धीमुर्धीची राजकन्या विहिरीला हात जोडून म्हणाली, "बाई, खरं सांग", आणि विहिरीने सांगितलं, तर त्यात आणि यात फरक काय?

---

बाहुक

फरक हा की विहीर कुणालाही सांगेल. देवांना सांगावं लागलं ते तिच्या शपथेमुळे. दुसऱ्या कुणी हात जोडले असते तर ते तसेच बसून राहिले असते.

---

खवचट_काकू

बरं. निम्मं मान्य.

---

पोथीनिष्ठ

यावर थोडी भर. श्रीहर्षाने १२व्या शतकात याच कथेवर २२ सर्गांचं नैषधीयचरित लिहिलं. त्याच्या १३व्या सर्गात हाच प्रसंग 'पंचनली' म्हणून आहे. तिथे वरांची ओळख करून द्यायला स्वतः सरस्वती उभी आहे. तिला खोटं बोलता येत नाही आणि देवांना उघडंही पाडता येत नाही. मग ती असे श्लोक म्हणते की एका अर्थाने इंद्राचं वर्णन, दुसऱ्या अर्थाने नळाचं. शेवटी तर एकच श्लोक पाचही जणांना लागू पडतो.

धागाकर्तीच्या विहिरीसाठी हा नमुना चांगला आहे. तिला खरंच बोलू द्या, पण दुहेरी. उत्तर मिळालं तरी अर्थ लावायचं काम नायिकेकडे राहील.

---

अर्धीमुर्धी

दुहेरी बोलणारी विहीर! हे वहीत टिपून घेतलं. विहीर बुजवायची की नाही ते मात्र अजून ठरत नाहीये.

---

तळटीपकार

दमयंतीपेक्षा तुमच्या जवळची गोष्ट सुकन्येची आहे. दमयंतीच्या गोष्टीसारखी तीही महाभारताच्या वनपर्वातच आहे. शर्याती राजाची मुलगी, वारुळात तप करणाऱ्या च्यवनाचे डोळे चुकून काट्याने टोचते आणि त्याच म्हाताऱ्या ऋषीशी तिचं लग्न लागतं. पुढे देवांचे वैद्य अश्विनीकुमार येतात, तिला म्हणतात आमच्यापैकी एकाला वर. ती नाही म्हणते. मग ते म्हणतात, तुझ्या नवऱ्याला आम्ही तरुण करतो, नंतर तिघांतून एक निवड. तिघेही सरोवरात उतरतात आणि बाहेर येतात ते अगदी एकसारखे, तरुण, कुंडलं घातलेले.

महाभारतात इथे घाम नाही, सावली नाही, प्रार्थनाही नाही. मनाने आणि बुद्धीने निश्चय करून तिने आपल्याच नवऱ्याला वरलं, एवढंच वाक्य आहे. कशावरून ओळखलं, हे व्यासांनी सांगितलेलंच नाही. मला ती मोकळी जागा फार आवडते.

---

खवचट_काकू

मोकळी जागा लोकांना सोसवत नाही हो. देवीभागवतात याच प्रसंगी सुकन्या देवीची प्रार्थना करताना दिसेल. म्हणजे नंतरच्या कुणालातरी वाटलंच की बाईने नुसत्या बुद्धीने ओळखलं म्हणजे जरा जास्तच झालं.

---

मीही_एकदा

तळटीपकारांचं वाचून राहवलं नाही. आम्ही जुळ्या बहिणी आहोत. नवरा लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला तेव्हा बहिणीने माझे कपडे घालून दार उघडलं. त्याने तिला नमस्कार केला, चप्पल काढली आणि विचारलं, "ती आत आहे का?" नंतर मी किती वेळा विचारलं कशावरून ओळखलंस. दर वेळी वेगळं कारण सांगतो. माझा अंदाज, त्याला स्वतःलाही माहीत नाही.

---

कोल्हा_आंबटद्राक्षे

@मीही_एकदा, की त्याने मनाशी नाणं उडवलं होतं?

---

मीही_एकदा

गेली अकरा वर्षं तोच संशय घेऊन जगतेय.

---

पोथीनिष्ठ

आता द्रौपदीचं स्वयंवर, कारण वेषांतर म्हटलं की ते पहिल्यांदा आठवायला हवं होतं. पांडव लाक्षागृहातून सुटलेले, ब्राह्मणांच्या वेषात, कुंभाराच्या घरी उतरलेले. पण बहुतेकांच्या डोक्यात जे चित्र असतं (फिरता मासा, खाली तेल, तेलात प्रतिबिंब), ते पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक (अनेक हस्तलिखितं ताडून केलेल्या) आवृत्तीच्या मूळ पाठात नाही. तिथे आकाशात टांगलेलं यंत्र आहे आणि त्याच्या छिद्रातून पाच बाणांनी लक्ष्य भेदायचं आहे. "मी सूतपुत्राला वरणार नाही" हे प्रसिद्ध वाक्यही त्या पाठातून गळलेलं आहे. उलट कर्ण, शल्य अशांनाही धनुष्य वाकलं नाही, अशी ब्राह्मणांची कुजबूज आहे.

मात्र वेषांतराच्या दृष्टीने खरी मजा पैज जिंकल्यानंतर सुरू होते. मुलगी कुणाकडे गेली हे बापाला माहीतच नाही! द्रौपदीचा भाऊ धृष्टद्युम्न गुपचूप कुंभाराच्या घरी जाऊन दडून ऐकतो. रात्री झोपताना ही मंडळी बोलतात काय, तर अस्त्रं, रथ, हत्ती, तलवारी. तो जाऊन बापाला सांगतो, हे भटभिक्षुक नव्हेत. मग द्रुपद त्यांना जेवायला बोलावतो आणि वाड्यात वेगवेगळ्या वस्तू मांडून ठेवतो: फळं, माळा, गाई, दोर, बियाणं, शेतीची अवजारं, आणि एकीकडे युद्धाचं सामान. पांडव न बिचकता उंची आसनांवर जाऊन बसतात आणि बाकी सगळं ओलांडून थेट शस्त्रांकडे वळतात. झाली ओळख.

---

एकटाकी

पोथीनिष्ठ, मस्त. पण त्या मंडपात वेषांतर केलेला आणखी एक वारस होता ना? कर्ण. कुंतीचा थोरला. पाचांना निदान माहीत होतं आपण वेष घेतलाय. याला आपला वेष आहे हेच ठाऊक नव्हतं.

अर्धीमुर्धी, तुमच्या गर्दीत असा एक हवा. स्वतःला खरा लोहार समजणारा.

---

अर्धीमुर्धी

एकटाकी, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. विहिरीत डोकावल्यावर त्यालाच धक्का बसेल.

---

टाळकरी

एवढा वेळ नारदमुनींना कुणी बोलावलं नाही म्हणून मीच आणतो.

तुलसीदासांच्या रामचरितमानसातल्या बालकांडात ही गोष्ट आहे, शिवपुराणातही आहे. कामाला जिंकल्याचा नारदांना गर्व झाला. विष्णूने मायेने अख्खं नगर उभं केलं, राजा शीलनिधी, त्याची मुलगी, तिचं स्वयंवर. नारद विरघळले. विष्णूकडे गेले, म्हणाले मला हरीचं रूप द्या. हरी म्हणजे वानरही! तोंड माकडाचं झालं आणि याला पत्ताच नाही. ऐटीत पुढच्या रांगेत. शेजारी ब्राह्मण होऊन बसलेले शंकराचे दोन गण खुसुखुसु हसताहेत, वा, काय रूप आहे! तेवढ्यात विष्णू स्वतः राजाच्या वेषात आला आणि मुलगी घेऊन गेला. नंतर नारदांनी पाण्यात तोंड बघितलं...

म्हणजे नगर खोटं, राजा खोटा, मुलगी खोटी, एक उमेदवार वेष पालटून, दोन प्रेक्षक वेष पालटून आणि एकाला आपला वेष ठाऊक नाही. ताई, तुमच्या बेटावर एवढी गर्दी तरी आहे का?

---

कोल्हा_आंबटद्राक्षे

हसून हसून पुरेवाट. आणि पाण्यात खरं रूप दिसणं, म्हणजे विहीर इथे आधीच येऊन गेलीय. फक्त उशिरा पोचली.

---

पिंपळपान

म्हणूनच विचारत होते नाव काय.

---

विदर्भकन्या

एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? दमयंती विदर्भाची. रुक्मिणी विदर्भाची. कालिदासाच्या रघुवंशातल्या सहाव्या सर्गात राजपुत्र अजाला माळ घालणारी इंदुमती, तीही विदर्भाची. स्वयंवरांचा ठेका आमच्याकडेच होता. :)

आणि इंदुमतीच्या स्वयंवरात ना जादू आहे ना वेष. तिची सेविका सुनंदा एकेका राजाची कुंडली मांडत पुढे नेते आणि इंदुमती नुसती चालते. चालत्या दिव्यासारखी. ज्याच्यासमोरून पुढे गेली तो राजा काळवंडतो, रात्री दिवा पुढे गेल्यावर रस्त्यावरचा वाडा अंधारात जावा तसा. कालिदासाला दीपशिखा म्हणतात ते याच उपमेमुळे.

---

तळटीपकार

@विदर्भकन्या, ठेका एकट्या विदर्भाला देऊ नका. बिल्हणाच्या विक्रमांकदेवचरितात चालुक्य विक्रमादित्याला वरणारी चंद्रलेखा कऱ्हाडच्या शिलाहारांची मुलगी आहे, तेही स्वयंवरात.

शिवाय काव्याबाहेरचा पुरावा: गिरनारच्या पायथ्याशी रुद्रदामन क्षत्रपाचा इ. स. १५० च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यात तो स्वतःची तारीफ करताना सांगतो की राजकन्यांच्या स्वयंवरांत मला अनेक माळा मिळाल्या. अनेक! धरण दुरुस्त केल्याच्या लेखात हे घुसवलंय.

---

खवचट_काकू

धरण दुरुस्तीच्या पाटीवर स्वतःची लग्नं. परंपरा जुनी आहे म्हणायची.

---

दूरदेशी

जरा पश्चिमेला जाऊ? ग्रीक होमरच्या ओडिसीत हाच साचा आहे. ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो, अथीना देवीने त्याला म्हाताऱ्या भिकाऱ्याचं रूप दिलंय. घरात त्याच्या बायकोशी, पेनेलपीशी, लग्न करायला १०८ जण ठाण मांडून बसलेत. ती पैज लावते: नवऱ्याचं धनुष्य चढवा आणि बारा कुऱ्हाडींतून बाण पार करा. कुणाला जमत नाही, भिकाऱ्याला जमतं. इथपर्यंत द्रौपदीचा मंडप आठवतो.

पण पेनेलपीचं समाधान होत नाही. धनुष्य काय, देवही वाकवू शकेल. ती सहज बोलल्यासारखं दासीला सांगते, यांचा पलंग बाहेर काढून घाल. तो भडकतो: कसा काढाल? जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा खुंट मी त्याचा पाय केलाय! संपलं. ही गोष्ट दोघांखेरीज एका दासीलाच ठाऊक होती. ओळख पटते ती फर्निचरवरून.

अवांतर: हिरोडोटसने सांगितलेलं खरंखुरं ग्रीक स्वयंवरही वाचण्यासारखं आहे. सिक्यॉनच्या क्लायस्थनीसने मुलीसाठी वर्षभर उमेदवार घरी ठेवून पारखले. हिपोक्लायडीस जवळजवळ जिंकलाच होता, पण शेवटच्या मेजवानीत मेजावर चढून नाचला आणि शेवटी डोकं खाली, पाय वर करून हवेत नाचवले. सासरा म्हणाला, तू तुझं लग्न नाचून घालवलंस. हा म्हणाला, हिपोक्लायडीसला पर्वा नाही.

---

कोल्हा_आंबटद्राक्षे

हिपोक्लायडीस हा माझा आदर्श.

---

एकटाकी

वर्षभर पारखलं ते बापाने. मुलीला कुणी विचारल्याचं दिसत नाही. आपल्याकडे तरी काय? वाल्मीकींची सीता 'वीर्यशुल्का' आहे, पराक्रम हीच किंमत. आठ चाकांच्या पेटीतून पाच हजार माणसांनी धनुष्य ओढत आणायचं, जो दोरी चढवेल त्याची ती. याला स्वयंवर म्हणायचं? 'स्वयं' कुठाय यात?

---

पोथीनिष्ठ

म्हणूनच पण (म्हणजे पैज) असलेलं आणि पण नसलेलं अशी दोन स्वयंवरं वेगळी धरावी लागतात. पण नसलेल्या स्वयंवराची पुरुषांनाही धास्ती होतीच. सुभद्रेच्या वेळी कृष्ण अर्जुनाला स्पष्ट सांगतो की स्वयंवराचा भरवसा नाही, पळवून ने.

---

टाळकरी

आणि मग आपला त्रिदंडी संन्यासी! भागवतात अर्जुन यती होऊन द्वारकेत राहतो, त्यावरून अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये संगीत सौभद्र रंगमंचावर आणलं. वेषांतर केलेला वर प्रेक्षकांना पहिल्यापासून ठाऊक, पात्रांना नाही. सगळी मजा त्यातच. अर्धीमुर्धी, तुमच्या वाचकांना आधी कळणार आहे का कोण कोण ते?

---

अर्धीमुर्धी

टाळकरी, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. आत्तापर्यंत कुणालाच कळू द्यायचं नाही असं धरून चालले होते.

---

खवचट_काकू

सगळे पहिल्या स्वयंवरावर बोलून निघून गेलात, पण दमयंतीचं दुसरं स्वयंवर हेच या धाग्याचं उत्तर आहे. @बाहुक, तुझ्या आयडीचीच गोष्ट, आणि तूच विसरलास?

नळ द्यूतात सगळं हरलाय, बायकोला रानात झोपेत सोडून अर्धं वस्त्र फाडून पळालाय. कर्कोटक नाग चावल्यामुळे रूप बदललंय, आखूड हातांचा बाहुक झालाय, आणि अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिलाय. ती माहेरी परतलीय. ती काय करते? देशोदेशी ब्राह्मण पाठवते आणि त्यांना एकच ओळ म्हणायला लावते: अरे जुगाऱ्या, माझं अर्धं वस्त्र फाडून कुठे गेलास? अयोध्येत एक कुरूप सारथी या ओळीला उत्तर देतो. तिला संशय येतो. मग ती स्वयंवर जाहीर करते, पण निरोप एकट्या ऋतुपर्णाकडेच, आणि मुहूर्त उद्या सूर्योदयाचा! शंभर योजनं एका दिवसात हाकणारा माणूस जगात एकच.

एका उमेदवाराचं स्वयंवर हो हे. आणि त्या उमेदवाराला वाटतंय आपण दुसऱ्याला पोचवायला चाललोय.

पुढचं तर आणखी भारी. ती दासी केशिनीला नजर ठेवायला पाठवते. ठेंगणं दार आलं तर हा वाकत नाही, दारच उंच होतं. याने बघितलं की रिकाम्या घागरी भरतात. मूठभर गवत धरलं की पेटतं. देवांनी पहिल्या स्वयंवरात दिलेले वर आहेत ते. म्हणजे अर्धीमुर्धी, तुझी जादूची विहीर इथे आहे, पुरावे सगळे हजर. तरी ती थांबते का? नाही. त्याने शिजवलेलं मांस मागवते आणि चाखून बघते. मग मुलांना पाठवते. तो मुलांना उराशी धरून रडतो आणि वर सारवासारव करतो, माझ्या मुलांसारखी दिसली म्हणून रडू आलं.

दार उंच झालं म्हणून तिने त्याला नवरा मानलं नाही. चव आणि रडणं बघितलं, मग स्वतः समोर गेली.

---

बाहुक

काकू, साष्टांग दंडवत. माझा आयडी मी परत करतो.

---

दूरदेशी

काकू, पेनेलपीचंही हेच! दोघींचे नवरे हरवलेले, दोघी दुसऱ्या लग्नाची स्पर्धा लावतात, दोन्ही नवरे कुरूप होऊन येतात, आणि दोघी मोठ्या चमत्कारानंतर घरातली एक छोटी परीक्षा घेतात. पलंग आणि स्वयंपाक. मी दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वाचल्या, शेजारी कधी ठेवल्याच नाहीत.

---

मीही_एकदा

ऋतुपर्णाचं काय झालं पण? तो तर नवरदेव व्हायला निघाला होता.

---

पोथीनिष्ठ

बिचाऱ्याची वाटेतच तारांबळ. उपरणं पडलं, थांबव म्हणेपर्यंत एक योजन मागे राहिलं. विदर्भाच्या राजधानीत, कुंडिनपुरात पोचतो तर मंडप नाही, राजे नाहीत, वाजंत्री नाही. दमयंतीचा बाप भीम राजा विचारतो, येणं कसं केलंत? हा काय सांगणार? म्हणे, सहज, आपल्याला नमस्कार करायला आलो. शंभर योजनांवरून!

---

कोल्हा_आंबटद्राक्षे

"सहज आलो होतो इकडे" या वाक्याचा उगम सापडला.

---

एकटाकी

माझी एक तक्रार शिल्लक आहे. या सगळ्या गोष्टींत वेष उतरला की खालून राजाच निघतो. भिकारी म्हणजे राजा, सारथी म्हणजे राजा, भिक्षुक म्हणजे राजपुत्र. कुंभाराचं घर उतरायला चालतं, पण त्या कुंभाराला मंडपात कोण बोलावतं? अर्धीमुर्धींनी लिहिलंय "चुकून खरा लोहार निवडला तर राज्य गेलं." का जावं? लोहार तीन दिवस सोबत राहिला, आवडला, तर ती चूक कशी?

---

तळटीपकार

एकटाकी, सावित्री आठवा. अश्वपतीची मुलगी, रथात बसून स्वतः वर शोधायला जाते आणि रानातल्या आंधळ्या म्हाताऱ्याचा मुलगा निवडते. निवडताना तो लाकडं तोडणारा वनवासी आहे.

---

एकटाकी

आणि द्युमत्सेन कोण? शाल्वांचा राज्य गेलेला राजा! बघा, पुन्हा खालून राजाच.

---

तळटीपकार

...हरलो.

---

अर्धीमुर्धी

मंडळी, दोन दिवस धागा नुसता वाचत होते आणि तीन प्रकरणं खोडली.

काय ठरतंय ते सांगते. विहीर राहील, पण ती खलाशी-गारुडी मंडळींना वापरता येईल, रूप *घ्यायला*. राजकन्येच्या वाट्याला विहीर नाही. एकटाकींचा लोहारही येतोय, स्वतःचा वेष माहीत नसलेला. तो खालून राजपुत्र निघणार की लोहारच राहणार हे मी सांगणार नाही. मला स्वतःला अजून माहीत नाही.

ओळखायची खूण म्हणून मी गाठ घेतलीय. पहिल्या दिवशी ती सगळ्यांना दोराने होडी बांधून ठेवायला लावते. खरा खलाशी दोराकडे न बघता गाठ मारतो. राजपुत्र दोराकडे बघतो. कसं वाटतंय?

---

खवचट_काकू

विहिरीची बाजू बदललीस हे बेस. गाठ मात्र कच्ची आहे. ज्याला राज्य जिंकायचंय तो महिनाभर दोर घेऊन बसेल आणि न बघता मारायला शिकेल. पढवलेलं सोंग आहे ते.

---

मीही_एकदा

शिवाय ती खलाशी कोण ते ओळखेल. वर कोण हे कसं ओळखेल?

---

बाहुक

मग मारायला नको, सोडायला लावा. रात्री, पावसात, दुसऱ्याने मारलेली, भिजून आवळलेली गाठ, आणि नावेत एक लहान मूल रडतंय. कोणी सुरी काढून दोर कापेल, कोणी नोकराला हाक मारेल, कोणी दातांनी सोडवत बसेल. कुणाला निवडायचं ते तिचं तिला बघू द्या.

---

अर्धीमुर्धी

सुरी काढणारा लोहार असेल. सुरी त्याचीच असणार ना, स्वतः घडवलेली. जाते, लिहायला बसते.

---

खवचट_काकू

जा. आणि एखादा ऋतुपर्ण ठेव गं त्यात, त्याला निदान जेवायला तरी थांबव.